पेटवर चौथी स्टेज, सुईखाली दुसरी: उजव्या फुफ्फुसातल्या गाठीचं एक प्रकरण

रुग्ण ५८ वर्षांच्या बाई. राहणार लालबाग, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. घरून डबे करून देण्याचा व्यवसाय. विडी-सिगारेट कधीच नाही. लहानपण कोकणात चुलीपुढे गेलं, मुंबईत आल्यावर बरीच वर्षं रॉकेलच्या स्टोव्हपुढे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार तीन महिन्यांच्या कोरड्या खोकल्याची. वजन चार किलोंनी उतरलं होतं, संध्याकाळी अधूनमधून कणकण यायची. एक्स-रेवर उजवीकडे वरच्या भागात डाग. मुंबईत वरच्या भागातला डाग दिसला की डॉक्टरचा हात आपसूक एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, लिहू लागतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. इथे थुंकी एकदाच तपासली होती. ती निगेटिव्ह आली, तरी चार औषधांचा टीबीचा कोर्स सुरू झाला. सहा आठवड्यांत लघवी नारिंगी झाली, भूक मेली, आणि डाग होता त्याहून थोडा मोठाच दिसला. तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला.

सीटीवर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये ३.४ सेंमीची काटेरी कडांची गाठ होती. सीटी गाइडेड बायॉप्सीत ॲडिनोकार्सिनोमा निघाला. फुफ्फुसाचा हा प्रकार कधीही धूम्रपान न केलेल्या बायकांमध्येही आम्हाला नेहमी दिसतो, त्यामुळे निदानात नवल नव्हतं. नवल पेट-सीटीच्या अहवालात होतं.

अहवालात गाठीची एसयूव्ही, म्हणजे साखर ओढण्याचं माप, ११.२ होती. त्याशिवाय दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतले, म्हणजे मीडियास्टिनममधले, लिम्फ नोड चमकत होते. श्वासनलिकेच्या उजव्या बाजूचा १४ मिमीचा नोड ७.८, श्वासनलिका दुभंगते त्याच्या खालचा १६ मिमीचा ८.४. दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी, उजवीकडे तसेच डावीकडेही, सहाच्या आसपास. डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीत) १.८ सेंमीची गाठ, किंचित चमकणारी. शेवटच्या ओळीत ‘मेटास्टॅसिस असण्याची शक्यता’, म्हणजे कर्करोग दूर पसरल्याची. टीएनएमच्या, म्हणजे गाठ, नोड आणि दूरचा पसार यांवरून स्टेज ठरवण्याच्या पद्धतीच्या, भाषेत हे टी२ए, एन३, एम१बी होतं, म्हणजे स्टेज चार-ए. एका ठिकाणी घरच्यांना सांगूनही झालं होतं की ऑपरेशनची वेळ गेली, आता केमोच.

मुलगा फाइल घेऊन एकटाच आला. "मॅडम, आईला टीबीच माहीत आहे. तेच राहू द्या." सोबत चिपळूणहून आलेले मामा होते, त्यांचंही तेच म्हणणं. हा आग्रह आम्हाला नवा नाही. मी एवढंच म्हटलं की आता घशातून दुर्बीण घालून नोडमधून सुईने नमुने घ्यायचे आहेत, त्याच्या संमतीपत्रावर सही आईंची लागेल, आणि टीबीसाठी एवढा खटाटोप का, हे त्या विचारणारच. दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि त्यांनी ते विचारायचीही वाट पाहिली नाही. "गोळ्या बंद करून सुया टोचायला लागले म्हणजे टीबी नाही, एवढं मला कळतं. चार घरचं जेवण करते मी, चार घरच्या गोष्टी ऐकते." मग सगळं त्यांच्यासमोरच बोललो. त्यानंतरची प्रत्येक तपासणी सोपी झाली. ज्या रुग्णाला आजार ठाऊक नसतो त्याच्याकडून सात मजले चढून घेणं फार अवघड असतं, आणि ते पुढे येणारच होतं.

अहवालावर शंका का आली

पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजला फ्लोरिन-१८ जोडून शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या चमकतात. कर्करोगाच्या पेशी साखर ओढतात, तशाच टीबीच्या, सारकॉइडच्या (नोडमध्ये सूज आणणाऱ्या आजाराच्या) किंवा नुसत्या सुजेच्या जागी जमलेल्या पेशीही ओढतात. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं, म्हणून सायक्लोट्रॉन जवळच असावा लागतो. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट यंत्र २००२ साली परळलाच, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. म्हणजे हे तंत्र आणि टीबी, दोन्हींचा सर्वांत जुना शेजार याच शहरात आहे. तरीही चमकलेला प्रत्येक नोड कर्करोगाच्या खात्यात टाकायची सवय इथे मोडलेली नाही.

या पेटमध्ये मला खटकली ती समानता. उजव्या वरच्या लोबमधला कर्करोग पसरायला लागला की साधारणपणे आधी उजव्या फुफ्फुसातल्या नोडमध्ये जातो, मग उजव्या बाजूने मीडियास्टिनममध्ये, आणि त्यानंतर पलीकडे. गाठीच्याच फुफ्फुसातले नोड एन१, त्याच बाजूचे मीडियास्टिनममधले आणि दुभंगाखालचे एन२, विरुद्ध बाजूचे एन३. इथे डावं मूळ उजव्याइतकंच उजळलं होतं, जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखं. ३.४ सेंमीच्या गाठीने इतक्या शिस्तीत दोन्हीकडे पसरावं हे पटत नव्हतं. ग्रॅन्युलोमाचा (टीबी किंवा सारकॉइडसारखा, सुजेच्या पेशींच्या छोट्या गाठी बनवणारा) आजार मात्र असाच दिसतो.

पण ‘पटत नाही’ हा काही पुरावा नव्हे. एन३ खरा असेल तर शस्त्रक्रिया बाद. खोटा असेल आणि आपण तो खरा धरला, तर बरी होऊ शकणारी बाई आपण केमोवर सोडून दिली. ज्या एका ठिपक्यावर ऑपरेशन होणार की नाही हे ठरतं, त्या ठिपक्यातून पेशी बाहेर काढल्याशिवाय स्टेज लिहायची नाही, हा आमच्या विभागाचा आग्रह आहे. लोकांना तो वेळकाढूपणा वाटतो.

ईबसच्या खोलीत

ईबस म्हणजे टोकाला छोटं सोनोग्राफी यंत्र बसवलेली ब्रॉन्कोस्कोपीची दुर्बीण. गुंगीचं इंजेक्शन देऊन ती तोंडावाटे श्वासनलिकेत घालायची, नलिकेच्या भिंतीपलीकडचा नोड पडद्यावर पाहायचा, आणि सुई त्याच्या आत शिरताना दिसत असतानाच नमुना घ्यायचा. कापाकापी नाही, रुग्ण त्याच दिवशी घरी.

क्रम महत्त्वाचा. सुरुवात सर्वांत लांबच्या, म्हणजे एन३ नोडपासून, मग एन२, शेवटी एन१. उलट केलं तर जवळच्या नोडमधल्या कर्करोगाच्या पेशी सुईबरोबर पुढच्या नमुन्यात जाऊ शकतात, आणि रुग्ण उगाचच वरच्या स्टेजला जातो. म्हणून आधी डावीकडचा ११एल (नोडच्या प्रत्येक जागेला, म्हणजे स्टेशनला, नंबर असतो; एल म्हणजे डावं, आर म्हणजे उजवं). सुई आत गेली, पंधरा-वीस वेळा मागेपुढे केली, नमुना काचेवर पसरला. पॅथॉलॉजिस्ट खोलीतच सूक्ष्मदर्शक मांडून बसल्या होत्या. काचेवर टोल्युइडिन ब्लू टाकून दोन-तीन मिनिटांत त्या म्हणाल्या, "एपिथेलिऑइड पेशींचे पुंजके आहेत. ग्रॅन्युलोमा. नेक्रोसिस दिसत नाही." (नेक्रोसिस म्हणजे मेलेल्या पेशींचा भाग.) पाठोपाठ दुभंगाखालचा सात नंबर: पुन्हा ग्रॅन्युलोमा, आणि भरपूर काळी पूड. मुंबईकरांच्या नोडमध्ये ही कार्बनची काळी पूड इतकी नेहमीची आहे की आम्ही ती शेरा म्हणून लिहितो, निदान म्हणून नाही. पण तिच्यामुळेही नोड पेटवर चमकू शकतो. मग श्वासनलिकेच्या उजवीकडचा ४आर: तेच.

प्रत्येक स्टेशनमधून तीन-तीन वेळा सुई घातली. त्यातला काही भाग जीनएक्स्पर्ट (टीबीची जनुकीय चाचणी) आणि टीबीच्या कल्चरसाठी, उरलेला फॉर्मलिनमध्ये सेलब्लॉकसाठी, म्हणजे पेशी मेणात बसवून काप घेण्यासाठी.

इथे थांबलो असतो तर सगळे खूश झाले असते. पण दुर्बीण बाहेर काढण्यापूर्वी उजव्या फुफ्फुसातली सगळी एन१ स्टेशनं पाहायचीच असतात. वरच्या लोबची नलिका जिथे फुटते तिथे ११आरला पडद्यावर एक गोल, स्पष्ट कडेचा नोड दिसला. जेमतेम सात मिमी. पेटच्या अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. नंतर प्रतिमा उघडून मोजली तेव्हा एसयूव्ही २.६ भरली. सीटीवर १० मिमीच्या आतला नोड ‘नॉर्मल आकाराचा’ समजायची रीत आहे, आणि या एकट्या मापावर भिस्त ठेवली तर कर्करोग असलेले जवळजवळ निम्मे मीडियास्टिनम निसटतात. सुई घातली. पॅथॉलॉजिस्ट या वेळी जास्त वेळ पाहत राहिल्या. "इथे ग्रंथींचे पुंजके आहेत. ही बायॉप्सीतलीच फॅमिली आहे." सेलब्लॉकवर टीटीएफ-१ने, म्हणजे फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाच्या खुणेने, त्यावर शिक्कामोर्तब केलं.

म्हणजे भरभरून चमकलेल्या तिन्ही स्टेशनांत कर्करोग नव्हता आणि न चमकलेल्या एकात होता. एन३ वरून थेट एन१.

ॲड्रिनल आणि मेंदू

ॲड्रिनलची गाठ हा दुसरा अडसर. फुफ्फुसाचा कर्करोग तिथे जातो हे खरं, पण पन्नाशीनंतर कर्करोग नसलेल्या साध्या गाठी, म्हणजे ॲडिनोमाही तिथे काही कमी सापडत नाहीत. ॲडिनोमात चरबी असते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट न दिलेल्या सीटीवर तिची घनता १० हाउन्सफील्ड एककांच्या खाली येते. अडचण अशी की आपल्याकडे पेट-सीटी बऱ्याचदा कॉन्ट्रास्ट देऊनच करतात, मग ही मोजणी जमत नाही. काकूंचंही तसंच झालं होतं. आम्ही फक्त ॲड्रिनलपुरते साधे काप पुन्हा घ्यायला सांगितले. घनता आली ४. ॲडिनोमा. दहा मिनिटांचं काम, आणि एम१ गेलं. पेट सेंटरने मुख्य स्कॅनआधी पोटाचे चार साधे काप घेऊन ठेवले तर हा हेलपाटा वाचेल, असं मी दर वेळी सांगते.

मेंदूसाठी पेट पुरत नाही, कारण मेंदू स्वतःच एवढी साखर खातो की छोटा ठिपका त्या उजेडात हरवतो. कॉन्ट्रास्ट एमआरआय केला. स्वच्छ.

बैठकीतला वाद

ट्यूमर बोर्डात आता चित्र टी२ए, एन१, एम० होतं, स्टेज दोन-बी. शस्त्रक्रियेचा मार्ग उघडा. पण दोन प्रश्नांवर खडाजंगी झाली.

पहिला प्रश्न शल्यविशारदांचा: ग्रॅन्युलोमा सापडला म्हणजे त्याच नोडमध्ये कर्करोग नाहीच, हे कशावरून? शंका रास्त होती. दोन्ही एकाच नोडमध्ये नांदू शकतात, सुई नेमकी ग्रॅन्युलोमाच्या भागातून गेली असेल. चांगल्या हातांतही ईबस साधारण दहातला एक आजारी मीडियास्टिनम चुकवतं, आणि एन१ पॉझिटिव्ह असताना एन२ लपलेला असण्याची शक्यता वाढते. त्यातून २०२५ पासून लागू झालेल्या टीएनएमच्या नवव्या आवृत्तीने एन२ चे दोन भाग केले आहेत: एकाच स्टेशनमध्ये असेल तर एन२ए, एकाहून जास्त असतील तर एन२बी. काकूंच्या गाठीला एन२ए जोडला तर स्टेज तीन-ए, एन२बी जोडला तर तीन-बी, आणि दोन्हींची उपचारांची वाट वेगळी. म्हणजे एका ठिकाणी कर्करोग सापडला की सुई म्यान करायची, हे आता चालत नाही. प्रत्येक स्टेशनचा स्वतंत्र जबाब हवा.

ठरलं ते असं: एकाच भुलीत आधी मीडियास्टिनोस्कोपी करायची. गळ्याच्या खाचेत छोटा छेद घेऊन ४आर आणि सात नंबरचे मोठे तुकडे काढायचे, फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला) पाठवायचे, आणि ते स्वच्छ आले तरच फुफ्फुसाला हात लावायचा. कार्लेन्स यांनी ही पद्धत १९५९ मध्ये मांडली. ईबस आल्यापासून ती मागे पडली आहे, पण अशा ठिकाणी अजून तिच्यासारखी तीच.

दुसरा प्रश्न औषधांचा. दोन-बी मध्ये हल्ली शस्त्रक्रियेआधी केमो आणि इम्युनोथेरपी एकत्र देण्याचा पर्याय असतो. एक सहकारी त्या बाजूने होते. पण पहिल्या बायॉप्सीवरची जनुकीय चाचणी तोवर आली: ईजीएफआर जनुकात बदल, एक्झॉन १९ डिलीशन. अशा गाठी इम्युनोथेरपीला फारसा प्रतिसाद देत नाहीत, शिवाय नोडमध्ये टीबी दडला असेल तर तो भडकण्याची भीती वेगळीच. पर्याय बाद झाला. आधी शस्त्रक्रिया, मग केमो, मग ईजीएफआरवरची गोळी.

श्वास पुरेल का

गाठ काढता येणं वेगळं आणि रुग्णाला ते झेपणं वेगळं. एफईव्ही-१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षिताच्या ७८ टक्के, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ६८ टक्के. फुफ्फुसांचे एकूण १९ सेगमेंट, त्यातले उजव्या वरच्या लोबचे तीन जाणार. उरलेल्या सोळाच्या हिशेबाने शस्त्रक्रियेनंतर एफईव्ही-१ ६६ टक्के, डीएलसीओ ५७. दोन्ही साठच्या वर असती तर प्रश्नच नव्हता. एक खाली आलं, म्हणून जिना. २२ मीटर उंची, म्हणजे साधारण सात मजले, बोटाला ऑक्सिमीटर लावून.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "रोज बाजाराची पिशवी घेऊन तीन मजले दोनदा चढते, यांना सांग." फिजिओथेरपिस्ट सोबत निघाला. काकू पाचव्या मजल्यावर थोड्या हळू झाल्या, थांबल्या नाहीत. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला नाही. चाळीला लिफ्ट नसल्याचा असा फायदा मी आणखीही काही रुग्णांत पाहिला आहे.

शस्त्रक्रिया आणि नंतर

मीडियास्टिनोस्कोपीचा फ्रोझन अर्ध्या तासात आला: दोन्ही स्टेशनांत ग्रॅन्युलोमा, कर्करोग नाही. मग दुर्बिणीतून उजवा वरचा लोब काढला, आणि सगळ्या स्टेशनांचे नोड पद्धतशीर साफ केले. ११आर चा नोड नलिकेला लागून आहे हे आधीच ठाऊक असल्याने, तो चिकटलेला निघाला तर नलिकेचा काही भाग कापून पुन्हा जोडावा लागेल, याची तयारी टेबलावर होती. त्याची गरज पडली नाही.

अंतिम अहवाल: गाठ ३.६ सेंमी, कडा मुक्त, ११आर मध्ये एका नोडला कर्करोग, ४आर, सात आणि १०आर मध्ये फक्त ग्रॅन्युलोमा. पीटी२ए, पीएन१ (पी म्हणजे काढलेल्या भागाच्या पॅथॉलॉजीवरून). ईबसने सांगितली तीच स्टेज.

राहिला एकेटीचा गुंता, आणि तोच सगळ्यांत जास्त दिवस चालला. ईबसच्या नमुन्याचं जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह, शस्त्रक्रियेतल्या नोडचंही निगेटिव्ह. पण त्याआधी सहा आठवडे टीबीची औषधं पोटात गेलेली, त्यामुळे निगेटिव्हवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नव्हता. पुराव्याशिवाय सुरू केलेल्या कोर्सचं हे खरं नुकसान: नंतर पुरावा शोधायचीही सोय राहत नाही. कर्करोगाच्या शेजारी नोडमध्ये सारकॉइडसारखी प्रतिक्रिया उमटते, आणि नेक्रोसिस नसलेले, दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले ग्रॅन्युलोमा त्याच्याशी जास्त जुळत होते. तरी आमच्यातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं होतं की मुंबईत राहून जोखीम कशाला, सहा महिने पूर्ण करा.

निर्णय शेवटी गोळीमुळे फिरला. केमोच्या चार फेऱ्यांनंतर काकूंना ओसिमर्टिनिब द्यायची होती, रोज एक, ३ वर्षं. एकेटीतली रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स इतकी वाढवते की ओसिमर्टिनिबची रक्तातली पातळी कोसळते. दोन्ही एकत्र देणं म्हणजे महागडी गोळी वाया घालवणं. म्हणून एकेटी थांबवलेलीच ठेवली आणि कल्चरची वाट पाहिली. सहा आठवड्यांनी दोन्ही कल्चर कोरी आली. एकेटीची फाइल बंद झाली, सिस्प्लॅटिन-पेमेट्रेक्सेडच्या चारही फेऱ्या झाल्या, मग गोळी सुरू.

आता दर सहा महिन्यांनी सीटी. डावीकडचे नोड अजून तिथेच आहेत, होते त्याच मापाचे. आधीची हकिगत ठाऊक नसलेला कोणीही ते पाहून ‘पुन्हा पसरला’ असं लिहू शकतो, आणि गेल्या खेपेला दुसऱ्या सेंटरने तसं लिहिलंही. मुलगा अहवाल घेऊन धापा टाकत आला. त्याला ११एल चा ईबस अहवाल पुन्हा दाखवला, त्याची प्रत फाइलच्या पहिल्या पानाला स्टेपल केली, आणि यापुढे स्कॅनला जाताना रेडिऑलॉजिस्टच्या हातात आधी तोच कागद द्यायचा असं बजावलं. त्याने मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मामांनी लगेच विचारलं, ‘मग चौथी स्टेज कोणाची होती?’